तळाची डाळ

रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणारे पुन्हा येऊन बसले आहेत. दोन खांबांमध्ये दोऱ्याचे पट्टे ताणलेले, आणि मुठीत गुलाबी लगद्याचा गोळा धरून एक माणूस या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत राहतो. सुरतेत थंडी आली हे मला अंगावरच्या काट्याने कळत नाही, या गुलाबी रंगाने कळतं. तो दिसला की माझे कान आपोआप खोकल्याकडे लागतात.

खोकले मला वेगवेगळे ओळखू येतात. विडीचा कोरडा आणि लांब असतो. मिलमध्ये ॲसिडजवळ काम करणाऱ्याचा खाकरल्यासारखा असतो. लहान मुलाचा निराळाच: तीन-चार ठसके, मग श्वास ओढल्याचा बारीक आवाज, मग रडणं. रडणं जोरात असेल तर मी सोडून देतो. रडणं बारीक असेल तर हातातलं काम तसंच राहतं आणि नजर मनगटावरच्या घड्याळाकडे जाते.

गेले चार दिवस खालच्या मजल्यावरून असा बारीक रडण्याचा खोकला येतो आहे. परभणीकडचं नवं जोडपं आहे. नवरा बांधकामावर जातो, बायको घरीच असते, मूल सव्वा वर्षाचं. आमची फारशी ओळख नाही. मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. सुमन, माझी बायको, म्हणाली, "परक्याच्या घरात जाऊन त्याच्या लेकराचे श्वास मोजणार का तुम्ही? लोक काय म्हणतील?"

तिचं चूक नाही. पण बसवतही नाही.

पाच वर्षांपूर्वीचा, प्लेगच्या सालचा हिवाळा होता. त्या भाद्रपदात अर्धी सुरत गावी पळाली, त्यात आम्हीही होतो. नाकातोंडाला रुमाल बांधून आम्ही धुळ्याकडची वाट धरली. मांडीवर पूनम होती, आमची मुलगी, तेरा महिन्यांची. तिच्या तोंडालाही सुमनने ओढणीचा पदर धरला होता आणि ती तो पुन्हा पुन्हा ओढून काढत होती. गावी दिवाळी केली आणि भाऊबीज झाल्यावर परत आलो. गल्ल्या झाडलेल्या, जागोजाग पांढरी पावडर टाकलेली. आम्हाला वाटलं, सुटलो. छातीचा रोग आला आणि आपल्याला न शिवता गेला.

मग मार्गशीर्षात पूनम खोकायला लागली.

पांडेसऱ्यातल्या एका रंगाईच्या मिलमध्ये मी तेव्हा कलर किचनला होतो, आजही आहे. नाव किचन, पण तिथे शिजत काही नाही. रंगाची भुकटी तोलायची, पाण्यात कालवायची आणि मशीनवर पाठवायची. एका लॉटला लाल इतके ग्रॅम, पिवळा इतका, निळा नावापुरता. निळा पाच ग्रॅम कमी पडला तर शेड बदलतो आणि सगळं कापड परत येतं. वीस वर्षांत माझ्या काट्यामुळे परत आलेले लॉट एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यासाठी सांगतो.

आमची खोली दहा बाय बारा होती. दाराजवळ रॉकेलचा स्टोव्ह, खिडकीखाली माझ्या आईचं अंथरूण, मधल्या जागेत सुमनचं काम. ती साड्यांना टिकल्या लावायची. सगळ्या घरात टिकल्या असत. पूनमच्या गालावर, केसांत, एकदा तर तिच्या जिभेवर सापडली. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर मिलच्या चिमण्यांची राख बसायची. झटकली तर काळा डाग पडतो, फुंकरली तर उडते. आमच्या भागातल्या बायका कपडे फुंकरूनच घड्या घालायच्या.

पूनम पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा मी राखेला दोष दिला आणि खिडकी बंद केली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा स्टोव्हला दोष दिला आणि तो उचलून बाहेर गॅलरीत ठेवला. मग फरशी थंड असते म्हणून खाली गोणपाट टाकलं. गल्लीतल्या डॉक्टरने दोन्ही वेळा इंजेक्शन दिलं, ती बरी झाली आणि पुन्हा पडली. प्रत्येक वेळी काहीतरी बाहेरून आत येतं आहे असंच मला वाटत राहिलं. प्लेगने तेवढंच शिकवलं होतं, की रोग बाहेरून येतो, दार लावा, रुमाल बांधा.

आत काय चाललं होतं, ते मी पाहिलंच नाही.

आमच्या माणसांत खोकला म्हटलं की खाणं बंद. केळ बंद, दही बंद, भात बंद, तेल-तूप बंद, अंडं तर नावही काढायचं नाही. माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, या बाबतीत फौजदार. तिच्या अहिराणीत 'ळ' टिकत नाही, केळ केय होतं आणि डाळ दाय. पहिल्या आजारात सुमन केळ कुस्करायला बसली तर मायने वाटी उचलून फळीवर ठेवली.

"खोकलामा केय देतस का कोनी? कफ व्हस. दायनं पानी दे तिले."

डाळीचं पाणी. पातेलं चुलीवरून उतरवून जरा निवू द्यायचं, डाळ खाली बसली की वरचं पिवळं पाणी अलगद काढायचं, वर जिऱ्याचे दोन दाणे. सगळी ताकद पाण्यात उतरते, असं माय म्हणायची. सुमनच्या माहेरीही हेच होतं, गल्लीत सगळीकडे हेच होतं. मूल गटागटा पितं, पोट गच्च होतं, झोपतं. बघणाऱ्याला वाटतं, जेवलं.

संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. तारांवर फाटके पतंग लटकत होते. पहिली पाळी करून दुपारी घरी आलो तर पूनम पुन्हा तापलेली. पण या वेळी ती रडत नव्हती. सुमनच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून पडली होती आणि नाकपुड्या हलत होत्या. झबलं वर केलं तर श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता, जणू आतून कोणी कातडी ओढून धरतं आहे. मायने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"डबा झाया," ती म्हणाली. मुलाच्या छातीत असं भरलं की आमच्याकडे त्याला डबा म्हणतात. एवढं बोलून ती अंथरुणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मला तेव्हा तिचा राग आला. पोरीला घेऊन पळायचं सोडून ही भिंतीकडे बघत बसली.

गल्लीतला डॉक्टर पाचला यायचा. तोवर थांबवेना. पूनमला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे हंसाबेन नावाची नर्स होती, पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, अस्सल सुरती. तिने आमच्याशी बोलण्याआधी झबलं वर केलं, घड्याळ हातात घेतलं आणि पूनमच्या पोटाकडे बघत एक मिनिट गप्प बसली. एवढ्या गर्दीत एक बाई मिनिटभर गप्प बसते हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

"बावन साँस," ती म्हणाली. "इस उमर में चालीस के ऊपर गया तो तुरंत लाने का. और ये खड्डा पडता है ना, तो एक घंटा भी नहीं रुकने का. समझे भाई?" तिने आत डॉक्टरला हाक मारली, आणि मग मला विचारलं, "वजन केटलुं छे?"

मी सुमनकडे पाहिलं. पूनमचं वजन आम्ही जन्मापासून कधी केलंच नव्हतं. "पोरले तोलू नई, तोलेल पोर वाढत नई," हे माय तिच्या बारशालाच सांगून चुकली होती.

"वजन नहीं किया," मी म्हणालो.

"तुम क्या काम करते हो?"

"मिल में. रंग तोलता हूँ."

"कितना तोलते हो?"

"ग्राम तक."

हंसाबेनने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वाह रे भाई! साडी का रंग ग्राम तक, और छोकरी का किलो भी मालूम नहीं?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. माझे कान तापले. कापडाच्या झोळीत घालून तिने पूनमला काट्याला टांगलं. बारीकसा झोका गेला. काटा हलत राहिला आणि मी सवयीने तो थांबायची वाट पाहिली. सात किलो सहाशे. सतरा महिन्यांची मुलगी. हंसाबेनने भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. मला तक्ते वाचता येतात, तिला काही सांगावं लागलं नाही. पूनमचा ठिपका सगळ्या रेघांच्या खाली पडत होता.

चार दिवस आम्ही तिथेच होतो. सुया, औषध, नाकाला नळी. दुसऱ्या दिवशी हंसाबेनने विचारलं, घरी काय खायला देता? सुमनने सांगितलं, खोकला आहे ना, म्हणून डाळीचं पाणी. आणि खोकला नसेल तेव्हा? तेव्हाही बहुतेक तेच, जरा भाकरी चुरून.

"उधरस में, खाँसी में तो ज़्यादा देने का, बेन. शरीर अंदर लड रहा है, और तुम उसकी थाली खींच लेते हो! दुबले बच्चे को ये बीमारी पकडती है. बीमारी बच्चे को और दुबला करती है. फिर वापस पकडती है." तिने हवेत बोटाने एक गोल काढला, मग दुसरा, पहिल्यापेक्षा लहान.

त्या बाकावर बसून मी हिशेब केला. पाळ्यांवरून दिवस आठवत गेलो. भाऊबिजेनंतर परत आल्यापासून एकाहत्तर दिवस झाले होते. पहिला खोकला बारा दिवस, दुसरा सोळा, हा तिसरा दवाखान्यात येईपर्यंत तीन. एकूण एकतीस. एकाहत्तरातले एकतीस दिवस आम्ही तिला पाण्यावर ठेवलं होतं. आकडा तीन वेळा करून पाहिला. तो काही कमी झाला नाही.

पण खरी गोष्ट मला घरी आल्यावर कळली, आणि ती कोणी सांगितली नाही.

पूनमचा ताप उतरला होता. मी जेवायला बसलो. सुमनने नेहमीसारखं पातेलं समोर घेतलं, वरचं पाणी पूनमच्या वाटीसाठी काढायला पळी उचलली, आणि थबकली. सवयीचा हात होता तो. मग तिने ते तसंच राहू दिलं आणि सवयीनेच माझ्या ताटात पळी घातली. पळी तळापर्यंत गेली. घट्ट, पिवळीधमक डाळ माझ्या भाकरीवर पडली.

घरात असंच वाढलं जायचं. वरचं पाणी पोरीला, मधलं बायकांना, तळाचं कमावत्याला. कोणी कधी ठरवलं नव्हतं. माझ्या बापालाही तळाचंच मिळायचं.

कलर किचनमध्ये नव्या माणसाला पहिली गोष्ट मी शिकवतो ती ही: कालवलेला रंग थोडा वेळ ठेवला की तळाशी बसतो. वरचं पाणी रंगीत दिसतं, पण त्यात रंग नसतो. ड्रम तळापासून ढवळल्याशिवाय माप घ्यायचं नाही. वर्षानुवर्षं मी हे सांगत आलो होतो. आणि घरी दोन वेळा तळाची डाळ खाऊन, ढेकर देऊन, गॅलरीत उभा राहून विचार करत होतो की चिमणीची राख माझ्या पोरीच्या छातीत कशी जाते.

तो घास मी गिळला की ठेवला, आठवत नाही. एवढं आठवतं की पातेलं ओढून घेतलं आणि पळी तळाला लावून ढवळत राहिलो. सुमन म्हणाली, "अहो, सांडतंय."

त्यानंतर महिनाभर घरात धुसफूस होती. घट्ट डाळ, त्यावर तेलाची धार, भाकरी कुस्करून, दिवसातून पाच वेळा. पूनम खायची नाही, तोंड फिरवायची, थुंकायची. पाणी प्यायची सवय झालेल्या मुलाला घास कळत नाही. सुमन टिकल्यांचं काम बाजूला सारून तासतासभर तिच्यापुढे बसायची. माय काही बोलायची नाही, पण भांडी जोरात ठेवायची. आणि मी दर रविवारी पूनमला चोरून आप्पाच्या किराणा दुकानात न्यायचो. आप्पा शिरपूरकडचा. त्याच्याकडे पोती तोलायचा दोन पारड्यांचा मोठा काटा होता. एका पारड्यात पूनम, दुसऱ्यात वजनं. तिला तो झोका वाटायचा. आप्पा ओरडायचा, "पाटील, पोर बटाटासनी गोनीवर बसाडी दी का? मंग गिऱ्हाईकले कोनतं तोलू?"

सात सातशे. पुढच्या रविवारी पुन्हा सात सातशे. मग सात नऊशे.

चौथ्या रविवारी मायने पूनमच्या झबल्याला मागून लागलेलं पारड्यातलं ज्वारीचं पीठ पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"तोली आना का तिले?"

"हो."

"तुना मिलमा रंग तोल. आठे पोर शे, रंग नई."

मी त्या दिवशी नको तेवढं बोललो. म्हणालो, तुझ्या पाण्याने पोर मरत होती. म्हणालो, तुला काय कळतं. सुमन मध्ये पडली तरी थांबलो नाही. माय ऐकत राहिली. मग तिने अगदी हळू सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट.

"तुना धाकला भाऊ व्हता. तुले याद नई. डबा झाया व्हता त्याले. सांगेल व्हतं सासूनी, काही देऊ नको. पन तो रडे. भूक लागनी, भूक लागनी करे. मी चोरीसन केय दिधं त्याले. दुसरे दिन गया."

पूनम गोणपाटावर बसून टिकल्या वेचत होती.

केळाने तो गेला नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि मी तिला सांगितलंही. तिने मान हलवली. पण चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर एक बाई स्वतःला गुन्हेगार धरून बसली आहे, ती एका वाक्याने हलत नाही. दवाखान्यात जायच्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून का बसली होती, ते मला त्या दिवशी कळलं. फळीवर ठेवलेली ती वाटीही निराळी दिसायला लागली. ती पूनमचं खाणं हिरावत नव्हती. तिच्या हातून दुसऱ्यांदा ते होऊ नये म्हणून धडपडत होती.

होळीला पूनम आठ किलो तीनशे भरली. पुढच्या थंडीत तिला दोनदा खोकला झाला, दोन्ही वेळा छातीत उतरला नाही. तो डाळीमुळे नाही उतरला, की वेळेवर औषध मिळालं म्हणून, की तिचं नशीब, हे मी छातीठोक सांगणार नाही. एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही, एवढं आकड्यांत वावरणाऱ्याला कळतं. पण आमच्या घरात तेव्हापासून पातेलं ढवळल्याशिवाय कोणाला वाढत नाहीत. माय स्वतः ढवळते. पूनमला खोकला असला तरी तळापासून घट्ट डाळ तीच घालते. केळ मात्र नाही. केळ सुमन देते, आणि ती देत असेल तेव्हा माय उठून गॅलरीत जाते.

पूनम आता सहा वर्षांची आहे. परवा गच्चीवरून पतंग घेऊन पळत आली, धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली आणि मी नकळत घड्याळाकडे पाहिलं. "पप्पा, फिरसे गिनते हो?" ती हिंदीत चिडली. शाळेत जायला लागल्यापासून चिडायची भाषा हिंदीच झाली आहे. मी म्हणालो, नाही गं. पण अठ्ठावीसपर्यंत पोहोचलो होतो.

आज दुपारी हे लिहायला बसलो तोच खालून पुन्हा तो खोकला आला. तीन ठसके, श्वास ओढल्याचा आवाज, बारीक रडणं. मी उठलो, चप्पल घातली, काढली. जाऊन काय सांगू? तुमच्या घरातलं पातेलं दाखवा?

"सकायपासून पाच डाव खोकलनं ते पोर," माय म्हणाली. ती मोजत होती हे मला माहीत नव्हतं.

मग ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, दोनदा टेकून उठली. पातेल्याचं झाकण काढलं, पळी तळापर्यंत नेऊन ढवळलं आणि वाटीभर घट्ट डाळ घेतली. दारापर्यंत गेली. परत आली. खुंटीला सकाळी आणलेल्या केळांची फणी टांगली होती. तिच्यासमोर ती उभी राहिली. सुमनने माझ्याकडे पाहिलं, मी सुमनकडे. मायने एक केळ तोडलं, हातात धरून बघितलं, फळीवर ठेवलं.

पुन्हा उचललं.

"भाऊ," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बी चाल. तुनं घड्याय ले."

जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. ती पुढे होती, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात केळ, म्हणून कठडा धरता येत नव्हता. मी एक पायरी मागे, तिचा दंड धरून. खालच्या दाराशी आल्यावर तिने केळ वाटीच्या हातात घेतलं आणि मोकळ्या हाताने कडी वाजवली.